बांधीव खंडाची ओळख आणि एक न मिरवणारी सूची : काँग्रेस ग्रंथालयाच्या वृत्तपत्र-सेवेचे परीक्षण

जुन्या वृत्तपत्रांचा बांधीव खंड हाती आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा असतो. खरे तर तो शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी हे पत्र नेमके कोणते, कोठून निघत होते, खंडात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे अंक आहेत, त्यांतले किती गहाळ आहेत आणि अशीच दुसरी प्रत कुठे जपलेली आहे, एवढे ठरावे लागते. या कामासाठी गेले वर्षभर मी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची (लायब्ररी ऑफ काँग्रेस) ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ ही जुन्या वृत्तपत्रांची स्कॅन केलेली पाने दाखवणारी सेवा आणि तिच्या जोडीला असलेली अमेरिकी वृत्तपत्रांची सूची वापरत आहे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्ही एकाच दारातून उघडतात. पहिलीचे कौतुक सर्वत्र होते. दुसरीकडे फारसे कोणी वळत नाही. ज्याच्या टेबलावर खरोखरचा खंड पडलेला आहे, त्याच्या उपयोगाची मात्र दुसरीच आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी खंडाविषयी सांगतो, कारण सेवेची परीक्षा त्याच्यावरच झाली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका लहान गावच्या साप्ताहिकाचे हे अंक आहेत. पाठीला आणि कोपऱ्यांना चामडे, बाकी पुठ्ठ्यावर अबरी कागद, अशी बांधणी आहे. चामडे इतके जुने झाले आहे की हात लावला की तांबूस भुकटी बोटांना लागते. पाठीवरची नावाची चिठ्ठी केव्हाच गळून पडली असून तिच्या जागी कोणीतरी शाईने नुसता ३ हा आकडा घातला आहे. विक्रेत्याने वर्णनात ‘तिसरे वर्ष, संपूर्ण’ असे लिहिले होते. खंड घरी आल्यावर अंक मोजले, तर ४९ भरले. एका अंकाचा आतला ताव जागेवर नव्हता आणि शिवणीपाशी त्याची केवळ कातरलेली कड उरली होती. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. पाठीवरचा आकडा वाचून त्याने वर्णन केले, पाने मोजण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतकेच. तरीही बांधीव खंड विकत घेणाऱ्याने ‘संपूर्ण’ हा शब्द नेहमी प्रश्नचिन्ह लावून वाचावा, हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

पहिल्या अंकावरची तारीख होती ‘शुक्रवार, ५ जानेवारी १८६५’. ही तारीख चुकीची आहे. १८६५ सालची ५ जानेवारी गुरुवारी आली होती, शुक्रवारी ती आली १८६६ साली. नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात जुन्याच वर्षाचे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) राहून जाणे ही लहान छापखान्यांतली नेहमीची चूक होती, कारण शीर्षपट्टीची, म्हणजे पत्राचे नाव आणि तारीख असलेल्या वरच्या पट्टीची, जुळणी मोडत नसत. दर आठवड्याला तिच्यातले दोन-चार खिळे तेवढे बदलत. वार मात्र सहसा चुकत नाही, कारण साप्ताहिकाचा वार ठरलेला असतो आणि त्या खिळ्यांना कोणी हातच लावत नाही. म्हणून वार आणि तारीख जुळत नसतील तर विश्वास वारावर ठेवावा. याच अंकात गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्याची वार्ता आहे. ती दुरुस्ती अमलात आल्याची अधिकृत घोषणा १८ डिसेंबर १८६५ रोजी झाली, त्यामुळे साल १८६६ याविषयी शंका उरत नाही.

छायाचित्रांवरून जुन्या छापील वस्तूंची ओळख आणि मोल सांगणाऱ्या एका सशुल्क सेवेकडे मी प्रयोग म्हणून याच पानाचे छायाचित्र पाठवले होते. उत्तर दोन ओळींचे आले : खंड १८६५ सालचा आहे आणि त्या वर्षी लिंकनची हत्या झाली असल्यामुळे तो विशेष संग्राह्य आहे. पानावर छापलेला आकडा वाचण्यासाठी मला कोणाला पैसे देण्याची गरज नव्हती. त्या सेवेविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता सूचीकडे वळतो. अमेरिकेत १९८२ ते २०११ या काळात राज्याराज्यांतून वृत्तपत्रे शोधून त्यांची नोंद करण्याचा आणि मायक्रोफिल्म (पानांची लहान आकारातली छायाचित्रफीत) काढण्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम चालला. सुमारे १,४०,००० पत्रांची नोंद त्यातून झाली आणि ही सूची त्याच कष्टांवर उभी आहे. १६९० पासूनची पत्रे तिच्यात आहेत. राज्य, परगणा, गाव, वर्ष, भाषा आणि प्रकाशनाची वारंवारता यांवरून शोध घेता येतो. नोंदीत पत्राचे नाव, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, प्रकाशनाचा काळ, आधीची आणि नंतरची नावे, ग्रंथालयाचा नियंत्रण क्रमांक आणि कोणत्या संस्थेकडे कोणत्या काळातले अंक आहेत याची यादी असते. दिसायला हे सगळे कोरडे आहे. एकही चित्र नाही, एकही जुने पान नाही. ज्याला जुनी पाने चाळण्याचा आनंद हवा आहे, तो अर्ध्या मिनिटात इथून निघून जाईल.

बांधीव खंडाच्या मालकासाठी मात्र या नोंदीतली प्रत्येक ओळ उपयोगाची असते. ‘आधीचे नाव’ आणि ‘नंतरचे नाव’ या दोन ओळीच पाहा. वृत्तपत्रे विकली जात, एकमेकांत विलीन होत, संपादक भांडून वेगळे होत आणि दरवेळी नाव थोडेसे बदले. न्यूयॉर्कच्या ट्रिब्यूनचे उदाहरण घ्या. होरेस ग्रीलीने १८४१ साली काढलेले हे पत्र सूचीत एका नोंदीत सापडत नाही. ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या नावाची नोंद १८४२ ते १८६६ अशी आहे, ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ची १८६६ ते १९२४ अशी, आणि १९२४ साली हेराल्डशी विलीनीकरण झाल्यावरची नोंद पुन्हा निराळी. शिवाय त्याच कचेरीतून साप्ताहिक आणि अर्धसाप्ताहिक आवृत्त्याही निघत, त्यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. बाइंडरने पाठीवर फक्त ‘ट्रिब्यून’ एवढेच सोनेरी अक्षरांत घातलेले असेल, तर त्या एका शब्दामागे यांपैकी कोणतेही पत्र असू शकते. अंकांच्या तारखांमध्ये एक दिवसाचे, तीन-चार दिवसांचे की सात दिवसांचे अंतर आहे हे पाहिले की निम्मा गुंता सुटतो. उरलेला नोंदी शेजारी ठेवून सोडवावा लागतो.

माझ्या साप्ताहिकाची नोंद मला गावाच्या नावावरून सापडली, पत्राच्या नावावरून सापडली नाही. पत्राचे नाव इतके सामान्य होते की त्याने शोधल्यावर शेकडो नोंदी समोर आल्या. ‘गॅझेट’, ‘जर्नल’, ‘हेराल्ड’, ‘डेमोक्रॅट’ या नावांनी शोध सुरू करणे व्यर्थच असते. गाव आणि प्रकाशक यांची नावे शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर संपादकीय स्तंभाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत असतात. पहिल्या पानाची शीर्षपट्टी कितीही देखणी असो, ओळख पटवणारी ओळ बहुधा या दोन जागीच मिळते. बाइंडरने कडा कापताना वरचा भाग उडवला असेल तर पहिल्या पानावर गावाचे नावही राहत नाही. आतली ही ओळ मात्र वाचलेली असते.

नोंदीतल्या काळाच्या रकान्यात लिहिले होते ‘१८६४?’, आणि खालच्या टिपणात ‘वर्णनाचा आधार : खंड ४, अंक ९’ (इथे ‘खंड’ म्हणजे बांधीव खंड नव्हे, तर प्रकाशकाने मोजलेले वर्ष). सूची वाचायला शिकायचे असेल तर या दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. वर्णनाचा आधार असे टिपण असते तेव्हा नोंद करणाऱ्याने पहिला अंक पाहिलेला नसतो. त्याच्या हाती जो सर्वांत जुना अंक आला, त्यावरून त्याने मागे मोजून अंदाज बांधलेला असतो. प्रश्नचिन्ह ही त्या अंदाजाची प्रामाणिक कबुली आहे. पुष्कळ लोक प्रश्नचिन्ह वगळून सनच तेवढी उतरवून घेतात आणि मग ती सन पुढच्या लेखांत निःशंकपणे फिरत राहते.

माझ्या खंडातल्या पहिल्या अंकावर ‘खंड ३, अंक १७’ आणि त्याशेजारी ‘एकूण अंक ११७’, म्हणजे पहिल्या अंकापासूनचा सलग क्रमांक, असे छापलेले आहे. वर्षाला ५२ अंक धरले तर तिसऱ्या खंडाचा सतरावा अंक हा १२१वा असायला हवा. म्हणजे चार अंकांची तूट येते. एकूण क्रमांक खरा धरून मागे मोजत गेलो तर पहिला अंक १६ ऑक्टोबर १८६३ रोजी पडतो. खंड आणि अंक यांवरून मोजले, तर १८ सप्टेंबर १८६३. दोन्ही तारखा शुक्रवारच्याच आहेत. पहिल्या दोन वर्षांत चार आठवडे अंक निघाला नसावा आणि वर्षे मात्र सप्टेंबरपासूनच मोजली गेली असावीत, असे मला वाटते. यादवी युद्धाच्या दिवसांत लहान गावच्या छापखान्यात असे होणे अशक्य नव्हते. कोणतीही मोजणी धरली तरी पत्र १८६३ सालीच सुरू झाले होते आणि सूचीतली ‘१८६४?’ ही सन दुरुस्त होण्यासारखी आहे. ही दुरुस्ती मला करता आली ती सूचीने आपल्या अंदाजाचा आधार उघड सांगितला म्हणून. नुसती सन दिली असती तर मी माझ्याच आकडेमोडीवर अविश्वास दाखवला असता.

पाठीवरच्या ३ या आकड्याचाही उलगडा यातूनच झाला. प्रकाशकाचे वर्ष सप्टेंबर ते सप्टेंबर होते. बांधणी मात्र ज्याने करून घेतली त्याने जानेवारी ते डिसेंबर अशी केली. त्यामुळे या खंडात तिसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध आणि चौथ्याचा पूर्वार्ध आहे. १४ सप्टेंबर १८६६ च्या अंकावर ‘खंड ४, अंक १’ असे छापलेले आहे. पाठीवर आकडा घालणाऱ्याने पहिले पान पाहिले आणि तिथेच तो थांबला.

आता सेवेच्या अधिक गाजलेल्या अंगाविषयी. ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’मध्ये आज दोन कोटींहून अधिक पाने आहेत. पाने उतरवून घेता येतात, मजकुरात शब्द शोधता येतो, कसलीही वर्गणी नाही. ही सेवा अत्यंत मोलाची आहे याविषयी वाद नाही. पण बांधीव खंडाच्या मालकाने तिच्याकडून काय अपेक्षा करावी, हे समजून घेणे आवश्यक आहे. ही पाने बहुतांशी मायक्रोफिल्मवरून घेतलेली आहेत आणि करड्या छटांत आहेत. मायक्रोफिल्म बऱ्याचदा कोणत्यातरी बांधीव खंडावरूनच काढलेली असते, आणि तो खंड घट्ट शिवलेला असेल तर शिवणीकडच्या स्तंभातली अक्षरे पानाच्या वळणात बुडालेली असतात. स्कॅनमध्ये ती दिसत नाहीत, म्हणून यंत्राला वाचता येत नाहीत, म्हणून शोधातही सापडत नाहीत. लांब ‘स’ (f सारखे दिसणारे s चे जुने रूप) वापरणाऱ्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी पत्रांत तर यंत्र त्या अक्षराचा सर्रास ‘फ’ करते. तेव्हा शोधचौकटीत एखादे नाव टाकून काहीच मिळाले नाही, एवढ्यावरून ते नाव त्या पत्रात आलेच नाही असा निष्कर्ष काढू नये.

माझ्या पत्राचे स्कॅन ९ नोव्हेंबर १८६६ पासून सुरू होतात. खंड ४, अंक ९ तो हाच. म्हणजे सूचीचे वर्णन ज्या अंकावर आधारले होते तोच मायक्रोफिल्मवरचा पहिला अंक आहे. त्याआधीच्या दहा महिन्यांचे अंक स्कॅनमध्ये नाहीत, माझ्या खंडात आहेत. शेवटचे आठ आठवडे दोन्हीकडे आहेत आणि तुलना तिथेच करता आली. एका अंकाच्या चौथ्या पानाचा उजवा खालचा कोपरा स्कॅनमध्ये फाटलेला दिसतो. माझ्या प्रतीत तो शाबूत आहे आणि त्यावर जिल्हा न्यायालयाची एक जाहीर नोटीस पूर्ण वाचता येते. दोन प्रती भिन्न आहेत एवढे यावरून निश्चित झाले. एकाच पत्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून पाहण्याची अशी सोय पूर्वी दूरचा प्रवास केल्याशिवाय मिळत नसे, हे या सेवेचे श्रेय मी मोकळेपणाने देतो.

काही गोष्टी मात्र कोणतेही स्कॅन सांगणार नाही आणि त्या खंडाच्या देहावरच वाचाव्या लागतात. माझ्या खंडातल्या प्रत्येक अंकावर मधोमध आडवी घडी आहे. घडीच्या रेषेवरचा कागद झिजला आहे आणि काही अंकांच्या वरच्या समासात पेन्सिलीने एकच आडनाव लिहिलेले आहे. अर्थ असा की हे अंक घडी घालून टपालाने किंवा हातोहात एका वर्गणीदाराकडे जात होते आणि वर्ष संपल्यावर त्याने ते बांधून घेतले. छापखान्यातून थेट बाइंडरकडे गेलेल्या कचेरीच्या प्रतीवर अशी घडी नसते. कचेरीची प्रत असेल आणि तिच्यात हाताने केलेल्या खुणा असतील, तर तिचे मोल आणखी वेगळे. लंडनच्या ‘अथेनियम’ या साप्ताहिकाच्या कचेरीतल्या खंडांत निनावी लेखांवर लेखकांची नावे हाताने लिहून ठेवलेली आहेत. ते खंड आज लंडनच्या सिटी विद्यापीठात आहेत आणि कोणता लेख कोणाचा हे त्यांच्यावरूनच ठरते.

दुसरी खूण अक्षरांची आहे. वर्षाच्या मध्यापासून माझ्या पत्राच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांची अक्षरे पहिल्या आणि चौथ्या पानांहून वेगळी दिसू लागतात. अक्षरे अधिक बारीक, शाई अधिक एकसारखी, आणि मजकुरात गावचा उल्लेखही नाही. १८६५ पासून शिकागोच्या ॲन्सेल नॅश केलॉगने लहान पत्रांना एका बाजूने छापून तयार असलेले ताव पुरवण्याचा धंदा सुरू केला होता. गावच्या छापखान्याने कोरी बाजू तेवढी छापायची. माझ्या पत्राने असेच ताव घ्यायला सुरुवात केली असावी. याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. आतल्या पानावरची कथा किंवा प्रवासवर्णन सापडले म्हणून ते त्या गावच्या संपादकाने निवडले असे म्हणता येत नाही, कारण तोच मजकूर त्या आठवड्यात आणखी कित्येक पत्रांत छापलेला असतो. सूचीच्या नोंदीत याचा उल्लेख नाही आणि शोधचौकट तर सगळ्या पानांना एकाच मापाने मोजते.

तिसरी खूण कसरीची, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीची. कसरीने पाडलेली भोके पानांमागून पानांतून सरळ जातात आणि हळूहळू अरुंद होत संपतात. मध्येच एखाद्या तावावर भोक नसेल आणि त्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पानांवर असेल, तर तो ताव नंतर घातलेला आहे. प्रसिद्ध अंकांच्या नकला ओळखताना ही खूण फार कामाला येते. वॉशिंग्टनच्या मृत्यूची वार्ता असलेला ४ जानेवारी १८०० चा ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’, भिंतीच्या कागदावर छापलेला जुलै १८६३ चा व्हिक्सबर्गचा ‘डेली सिटिझन’, लिंकनच्या हत्येचा १५ एप्रिल १८६५ चा ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ यांची पुनर्मुद्रणे अतोनात झालेली आहेत. काँग्रेस ग्रंथालयाने अशा अंकांची अस्सल प्रत कशी ओळखावी याच्या माहितीपत्रिका काढल्या आहेत, त्या संक्षिप्त आणि नेमक्या आहेत. बहुतेक नकला सुट्या तावांच्या असतात. आजूबाजूच्या अंकांबरोबर एकाच दोऱ्याने शिवलेला, त्यांच्याच कागदाचा, त्यांच्यासारखीच घडी आणि तीच कसर असलेला अंक नकली असण्याची शक्यता फार कमी. सुट्या अंकापेक्षा बांधीव खंड अधिक विश्वासाचा वाटतो तो यामुळे, आणि म्हणून चांगले अंक विकण्यासाठी खंड फोडणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी मला आदर वाटत नाही.

सूचीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली उघडच आहे : ती अमेरिकी वृत्तपत्रांची आहे. ब्रिटिश खंड असेल तर २०११ साली सुरू झालेल्या ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हकडे जावे लागते. तिथे शोध घेता येतो, पण बहुतेक पाने पाहायला वर्गणी भरावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘ट्रोव्ह’ ही सेवा विनामूल्य आहे आणि तिच्यात यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर वाचकांना स्वतः सुधारता येतो. ही सोय मला अमेरिकी सेवेपेक्षा सरस वाटते. न्यूझीलंडची ‘पेपर्स पास्ट’, नेदरलंड्सची ‘डेल्फर’ आणि ऑस्ट्रियाची ‘आनो’ याही विनामूल्य आहेत आणि चाळायला सुखद आहेत. परंतु स्कॅन झालेले असो वा नसो, अस्तित्वात असलेल्या प्रत्येक पत्राची नोंद करू पाहणारी आणि कोणत्या ग्रंथालयात काय आहे ते एका जागी सांगणारी इतकी विस्तृत सूची यांपैकी कोणत्याही सेवेत मला आढळली नाही.

दुसरी मर्यादा अशी की नोंदी अनेक वर्षांत अनेक हातांनी झालेल्या आहेत. काही नोंदी अत्यंत काटेकोर आहेत, तर काहींत गाव आणि सन यांपलीकडे काही नाही. ग्रंथालयांकडच्या अंकांची यादी ही त्या त्या ग्रंथालयाने केव्हातरी कळवलेली माहिती आहे, तेव्हा प्रत्यक्ष जाण्यापूर्वी पत्र लिहून खात्री करून घ्यावी. विशेषतः ‘मूळ अंक’ आणि ‘मायक्रोफिल्म’ यांत फरक करून वाचावे. विसाव्या शतकात फिल्म काढल्यावर असंख्य ग्रंथालयांनी मूळ खंड काढून टाकले. १९९९ साली ब्रिटिश ग्रंथालयाने परदेशी वृत्तपत्रांचे खंड विक्रीला काढले, तेव्हा निकोल्सन बेकर या लेखकाने संस्था स्थापून त्यांतले पुष्कळ विकत घेतले. तो संग्रह २००४ साली ड्यूक विद्यापीठाकडे गेला. माझ्या खंडाच्या आतल्या पुठ्ठ्यावरही एका ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि त्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का मारलेला आहे. सूचीत त्या ग्रंथालयाच्या नावापुढे आज या पत्राची फक्त फिल्म आहे, आणि तीही नोव्हेंबरपासूनची. आधीच्या दहा महिन्यांची फिल्म न काढताच खंड बाहेर कसा गेला, हे मला कळलेले नाही.

तिसरी मर्यादा : खंड मिश्र असेल तर सूची हतबल होते. सूचीत एका पत्राला एक नोंद. जुन्या संग्राहकांना मात्र असे बंधन नव्हते. चार्ल्स बर्नी (१७५७–१८१७) या इंग्रज विद्वानाच्या प्रसिद्ध वृत्तपत्र-संग्रहातले सुमारे ७०० खंड पत्रवार नसून तारीखवार लावलेले होते, म्हणजे एका दिवशीची निरनिराळी पत्रे एकामागोमाग शिवलेली. असा खंड हाती आला तर पहिल्या पानावरून संपूर्ण खंडाची ओळख ठरवू नये. प्रत्येक अंकाचे नाव, तारीख आणि क्रमांक स्वतंत्रपणे लिहून घ्यावा आणि मगच शोधायला बसावे.

जुन्या तारखांविषयीही सूची सावध करत नाही. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे. लंडन गॅझेट नोव्हेंबर १६६५ मध्ये ऑक्सफर्डहून सुरू झाले आणि त्याच्या २४व्या अंकावर, म्हणजे लंडनहून निघालेल्या पहिल्या अंकावर, १ ते ५ फेब्रुवारी १६६५ अशी तारीख आहे. छापलेली सन तशीच धरली तर चोविसावा अंक पहिल्याच्या नऊ महिने आधी निघाला असे होईल. आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६६६ चा आहे. त्या काळातल्या खंडात जानेवारी ते मार्चचे अंक शेवटी शिवलेले आढळले, तर बाइंडरची चूक समजून ते सुटे करण्याचा मोह टाळावा.

ज्याच्याकडे अमेरिकी खंड आहे त्याने या सूचीपासून सुरुवात करावी, अशी माझी शिफारस आहे. आधी खंड फोमच्या उतरत्या आधारावर, पाठीला ताण न देता उघडावा, हात धुऊन कोरडे करावेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. मग अंकांची यादी करावी : वार, तारीख, खंड, अंक, एकूण क्रमांक, पानांची संख्या, गहाळ ताव. यादीशिवाय सूचीत शिरलात तर समोर येणारी पहिली जुळती नोंद आपलीच वाटू लागते. किमतीचा अंदाज इथे मिळणार नाही. काँग्रेस ग्रंथालय मूल्यांकन करत नाही आणि मला ते योग्यच वाटते.

मी माझी यादी, पहिल्या अंकाच्या शीर्षपट्टीचे छायाचित्र आणि ११७ या आकड्याची मोजणी ग्रंथालयाच्या वृत्तपत्र विभागाला पाठवली आहे. गहाळ तीन अंक १८६६ च्या मार्च आणि जुलै महिन्यांतले आहेत, आणि सूचीनुसार ते दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नाहीत.